पायाची परीक्षा



माठ विकत घेताना आपल्या घरातल्या बायका आधी त्याला टिचकी मारतात. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की रेल्वेचा एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारीत जाई. गाडीभर माणसांचा जीव त्याच्या कानावर सोपविलेला असे. आज ज्या विद्येचा इतिहास सांगायला मी उभा आहे तिचे मूळ या टिचकीत आहे. इमारत उभी आहे, पाया जमिनीत गाडलेला आहे. तो न फोडता, न उकरता त्याची परीक्षा करण्याची ही विद्या. मी इंजिनिअर नव्हे. बांधकाम मजुरांची संघटना बांधता बांधता जे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले तेवढेच माझे भांडवल.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत मी इकडे लातूरला आलो. या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानात मनगट जाईल एवढ्या भेगा दिसतात. मृग बरसला की हीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. पिकाला ती माउली आहे. घराला मात्र सासू. वर्षातून एकदा ती घराला उचलते आणि एकदा खाली सोडते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते व मालक गवंड्याला शिव्या देतो. जुने लोक मुरूम लागेपर्यंत पाया खोदीत. पण मुरूम फार खोल असला तर काय करावे?

याचे उत्तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत तयार झाले. ही संस्था १९४७ सालची. परदेशात अशा मातीसाठी जे प्रयोग झाले होते, त्यांना डॉ. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या काळ्या जमिनीला मानवेल असे रूप दिले. जमिनीत गिरमिटाने भोक पाडायचे, तळाशी ते खोडाच्या सुमारे अडीचपट रुंद कोरायचे, सळयांचा सांगाडा सोडायचा आणि काँक्रीट भरायचे. खोल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर तरी जायचे, कारण ऋतूंची उलथापालथ साधारण तेथवरच पोचते. वरची माती फुगो की आकसो, खालचा कंद जागा सोडीत नाही. आमचे मजूर त्याला अंडर-रीम पाईल म्हणतात. खर्च बेताचा, अवजारे हाताने चालणारी. गरीब देशाला शोभेल असे हे काम होते.

परंतु पाईलची एक खोड आहे. भिंत वाकडी झाली तर रस्त्यावरचे पोरही सांगते. पाईल मात्र एकदा भरली की तिचे तोंड कोणी पाहत नाही. भरताना भोकाची कड ढासळली तर काँक्रीटमध्ये मातीचा थर अडकतो, किंवा खांबाची मान तेथे बारीक होते. वर कॉलम उभा राहतो, रंग लागतो, उद्घाटन होते.

बाहेरच्या भक्कमपणावर विसंबणे किती महाग पडते, हे लातूरकरांना मी काय सांगावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ज्या भिंती कोसळल्या त्या दिसायला गढीसारख्या रुंद होत्या. आत दोन पदर होते, त्यांमध्ये माती आणि खडी. दोघांना जोडणारा आरपार दगड नव्हता. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. महाडजवळचा सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्या पुलाला पाईल नव्हत्या. पण पुराच्या पाण्याखाली पायाशी काय चालले आहे, हे वरून डांबर पाहणाऱ्याला दिसत नाही, ते तिथेही खरेच. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या त्यात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आमचे चालक-वाहक बंधूही.

आता हातोडीकडे वळू. ठोका खांबातून लाटेसारखा प्रवास करतो, ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या आयझॅक्सने १९३१ साली पाईल ठोकण्याच्या कामात दाखवून दिली. १९४८ साली स्वित्झर्लंडच्या श्मिटने काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारी हातोडी काढली; ती कातडी तपासते, हाडापर्यंत जात नाही. १९६८ साली फ्रान्समध्ये पाके याने पाईलला कंपने देऊन तिचे अंतरंग वाचण्याची रीत मांडली. मग हॉलंडात व इतरत्र साध्या हातोडीची पद्धत रुळली, आणि २००१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिच्यासाठी मार्गदर्शक मानक काढले. युक्ती सोपी आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये लाट सेकंदाला साडेतीन ते चार हजार मीटर धावते. साडेतीन मीटरच्या पाईलच्या तळाशी जाऊन परत यायला तिला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग पुरतो. प्रतिध्वनी त्याआधीच आला तर वाटेत काहीतरी आहे. मात्र आपल्या पाईलचा कंदही प्रतिध्वनी देतो आणि वरची इमारतही आवाजात आवाज मिसळते. तेथे पाईलच्या शेजारी तिच्याहून खोल भोक घ्यावे लागते. त्यात नळी बसवून पाणी भरतात, ध्वनी टिपणारे यंत्र थोडेथोडे खाली सोडतात आणि दर वेळी इमारतीच्या उघड्या भागावर ठोका मारतात. पाईल संपली की लाटेला मातीतून यावे लागते व तिला उशीर होऊ लागतो. कागदावरची रेघ जेथे वळते तेथे पाईलचा तळ. एवढे करूनही पाईल किती भार पेलेल हे हातोडी सांगत नाही. जो ते सांगतो म्हणतो त्याच्यापासून सावध असावे.

एक अनुभव सांगतो. नांदेडात एका इमारतीला चिरा गेल्या. नकाशे सापडेनात, ठेकेदार केव्हाच गाव सोडून गेलेला. परीक्षेला आलेले इंजिनिअर तरुण आणि सरळ होते. मी त्यांना आमच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या मजुराकडे नेले. त्याने तिथली भोके स्वतः पाडली होती. तो आवारात फिरला आणि तीन कॉलमांवर त्याने हात ठेवला. म्हणाला, "रातच्याला पाऊस झाला व्हता. सकाळी भोकात गाळ. म्या बोललो, तर म्हणले, भर."

पायाशी खड्डे घेऊन पाईलची कड उघडी केली आणि ठोके घेतले. दोन ठिकाणी प्रतिध्वनी फार लवकर परतला. खाली उकरल्यावर एका ठिकाणी खांबाची मान मनगटाएवढी निघाली, दुसऱ्या ठिकाणी काँक्रीटमध्ये मूठभर जाडीचा काळा थर. तिसऱ्या कॉलमखाली यंत्राला काही निश्चित सांगता येईना. म्हातारा हटेना, इंजिनिअरही हटेनात. अहवालाच्या छापील नमुन्यात साक्षीला रकाना नव्हता, म्हणून मजुराचे म्हणणे आम्ही वेगळ्या कागदावर लिहून, त्याचा अंगठा घेऊन, अहवालाला टाचले.

त्या तिसऱ्या पाईलशेजारी खोल भोक घ्यायचे ठरले आहे. माती अजून कोरडी आहे. मृगाआधी ते व्हावे असा आमचा तगादा चालू आहे.