क्रॅनबेरी सॉस

क्रॅनबेरी सॉस हा क्रॅनबेरीची आंबट फळे साखर व पाण्यात शिजवून केला जाणारा दाट, गडद लाल रंगाचा पदार्थ आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तर ब्रिटनमध्ये नाताळच्या जेवणात तो भाजलेल्या टर्कीसोबत वाढला जातो. चीजकेक, आइस्क्रीम व पॅनकेक यांवरही तो घालतात.

फळ

या सॉससाठी प्रामुख्याने व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन या वनस्पतीची फळे वापरतात. एरिकेसी कुलातील ही सरपटणारी वेल उत्तर अमेरिकेच्या दलदलीच्या, आम्लधर्मी जमिनीत वाढते. फळात हवेच्या पोकळ्या असल्याने ते पाण्यावर तरंगते. त्यामुळे प्रक्रियेसाठी लागणारी फळे शेतात पाणी सोडून गोळा केली जातात. ताजी विकायची फळे कोरड्या शेतातून काढतात. भारतात क्रॅनबेरीला काही वेळा करवंद म्हटले जाते. परंतु करवंद हे ॲपोसायनेसी या वेगळ्या कुलातील फळ आहे.

कृती

सुमारे ३४० ग्रॅम क्रॅनबेरी निवडून धुतात. पातेल्यात २०० ग्रॅम साखर व २४० मिलिलिटर पाणी उकळून साखर विरघळल्यावर त्यात फळे घालतात. मध्यम आचेवर साधारण दहा मिनिटांत बहुतेक फळांच्या साली फुटतात. तेव्हा पातेले उतरवतात. या वेळी सॉस पातळ दिसतो, पण निवल्यावर तो दाट होतो. आवडीनुसार संत्र्याची किसलेली साल, दालचिनी किंवा आले घालतात. एकजीव, सुरीने कापता येईल अशी जेली हवी असल्यास शिजलेली फळे गरम असतानाच गाळून घेतात.

घट्ट होण्याचे कारण

क्रॅनबेरीत पेक्टिन व आम्ल ही दोन्ही भरपूर असतात. साली फुटल्यावर पेक्टिन पाण्यात उतरते आणि आम्ल व साखर यांच्या साहाय्याने त्याचे जाळे तयार होते. म्हणून या सॉसला कॉर्नफ्लोअर लावावे लागत नाही. साखर फार कमी केल्यास जेली नीट धरत नाही, तर फार वेळ उकळल्यास पेक्टिनचे विघटन होऊन ती सैल पडते.

इतिहास

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी ही फळे अन्न, औषध व रंग यांसाठी वापरत असत. १६२१ मध्ये प्लिमथ येथे झालेल्या मेजवानीशी या सॉसचा संबंध जोडला जातो. मात्र त्या मेजवानीच्या समकालीन वर्णनांत त्याचा उल्लेख नाही. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ मधील 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात टर्कीसोबत क्रॅनबेरी सॉस वाढण्यास सुचवले आहे. मॅसॅच्युसेट्समधील वकील व बागाईतदार मार्कस युरॅन यांनी १९१२ मध्ये डबाबंद सॉसचे उत्पादन सुरू केले. तोडणीत खरचटलेली फळे त्यामुळे उपयोगात आली आणि हंगामी सॉस वर्षभर मिळू लागला.

१९५९चे संकट

९ नोव्हेंबर १९५९ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या १७ दिवस आधी, केंद्रीय आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी वॉशिंग्टन व ओरेगन राज्यांतील काही फळांत अमायनोट्रायाझोल या तणनाशकाचा अंश आढळल्याचे जाहीर केले. या रसायनामुळे उंदरांत थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले होते. दुकानांनी माल काढून घेतला आणि ज्यांच्या फळांत दोष नव्हता अशा बागाईतदारांचीही विक्री कोसळली. लोकांची धास्ती कमी व्हावी म्हणून रिचर्ड निक्सन यांनी जाहीरपणे क्रॅनबेरी सॉस खाल्ला, तर जॉन केनेडी क्रॅनबेरीचा रस प्याले. पुढे सरकारने उत्पादकांना नुकसानभरपाई दिली. वर्षातील एकाच सणावर विसंबण्याचा धोका या घटनेने उघड केला. त्यानंतर या उद्योगाने वर्षभर खपणाऱ्या क्रॅनबेरी रसाच्या पेयांवर अधिक भर दिला.