सर्व्हरवरील नेटवर्क पोर्टची चुकीची ओळख

सर्व्हरच्या मागच्या बाजूस डोळ्यांना दिसणारे नेटवर्क पोर्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्यांना दिलेली नावे यांचा मेळ न बसणे हा सर्व्हर व्यवस्थापनातला जुना आणि आजही वारंवार आढळणारा दोष आहे. एकाहून अधिक पोर्ट असलेल्या कोणत्याही यंत्रावर तो संभवतो. ज्या नावाला आयपी अॅड्रेस दिला त्या नावाचा पोर्ट प्रत्यक्षात शेजारचा निघतो. कार्ड, ड्रायव्हर, केबल आणि स्विच हे सगळे निर्दोष असूनही दळणवळण बंद पडते. फायरवॉलच्या यंत्रावर आतल्या आणि बाहेरच्या पोर्टची अदलाबदल झाली तर हा दोष नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. आतल्यांसाठी असलेले नियम बाहेरच्या जगाला लागू होतात आणि डीएचसीपी सेवा भलत्याच जाळ्यात अॅड्रेस वाटू लागते.

लक्षणे : पोर्टचा दिवा लागलेला असतो, पण गेटवेकडून पिंगला उत्तर येत नाही. दिवा विझलेल्या पोर्टचे नाव मात्र यादीत चालू दिसते. काल चाललेले यंत्र रीबूटनंतर दुरून सापडत नाही, किंवा नवे कार्ड बसवल्यावर जुन्याच कार्डावरची सेवा बंद होते. स्विचवरचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असला तरी यांतले पहिले लक्षण दिसते. त्यामुळे पोर्टची ओळख पटण्याआधी आयपी, रूट किंवा फायरवॉलचे नियम बदलू लागणे घातक ठरते. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर नव्या चुकांचा थर चढतो.

नावे कशी ठरतात : लिनक्सचा कर्नल इथरनेट पोर्टना ‘इथ०’, ‘इथ१’ अशी नावे ते सापडतील त्या क्रमाने देतो. हा क्रम ड्रायव्हर केव्हा लोड झाला आणि कोणते कार्ड आधी तयार झाले यावर अवलंबून असतो. ड्रायव्हर समांतर चालू होत असल्याने दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे असलेल्या यंत्रावर एका बूटला एक क्रम आणि पुढच्या बूटला दुसरा, असे घडू शकते. पेटीवर छापलेले १, २, ३, ४ हे आकडे कर्नलला दिसत नाहीत. चार पोर्टांच्या कार्डावर डावीकडून पहिला पोर्ट म्हणजे पीसीआयचे शून्यावे फंक्शन, असेही गृहीत धरता येत नाही. कार्ड उलटे बसणाऱ्या रायझरमध्ये असेल तर डावे-उजवे आणि वर-खाली दोन्ही फिरते.

यावरचा पहिला व्यापक उपाय युडेव्ह या उपकरण-व्यवस्थापकाच्या नियमांचा होता. प्रत्येक पोर्टचा मॅक अॅड्रेस आणि त्याला मिळालेले नाव ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’ या फाइलमध्ये आपोआप लिहिले जाई. कार्ड बदलले की नवा मॅक अॅड्रेस जुन्या यादीत सापडत नसे आणि त्याला पुढचा आकडा मिळे. आभासी यंत्राची प्रत काढल्यावर ‘इथ०’ नाहीसे होऊन त्याच्या जागी ‘इथ१’ उगवणे हा रेड हॅट ६ आणि सेंटओएस ६ च्या काळातला घरोघरीचा अनुभव होता. शिवाय युडेव्ह एका पोर्टचे नाव ‘इथ१’ करायला जाई, तोवर कर्नलने तेच नाव दुसऱ्या पोर्टला देऊन टाकलेले असे. ही शर्यत या पद्धतीत सुटण्यासारखी नव्हती.

डेलच्या अभियंत्यांनी तयार केलेले ‘बायोसडेव्हनेम’ फेडोरा १५ मध्ये, २०११ साली आले. त्याने बोर्डवरच्या पोर्टला ‘ईएम१’ आणि स्लॉटमधल्या कार्डाच्या पोर्टला ‘पी१पी१’ अशी जागेवरून ठरणारी नावे दिली. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या प्रणाली-व्यवस्थापकाच्या १९७ व्या आवृत्तीने हाच विचार अधिक पद्धतशीरपणे मांडला. फर्मवेअरने बोर्डवरचा क्रमांक सांगितला तर ‘ईएनओ१’, स्लॉट क्रमांक कळला तर ‘ईएनएस१’, आणि यांपैकी काहीच नसेल तर पीसीआय मार्गावरून ‘ईएनपी३एस०एफ१’ असे नाव मिळते. या शेवटच्या नावाचा अर्थ तिसरी बस, शून्यावे उपकरण, पहिले फंक्शन असा होतो. मॅक अॅड्रेसवरून बनणारे ‘ईएनएक्स’ने सुरू होणारे नाव मुख्यतः यूएसबी अडॅप्टरवर दिसते. रेड हॅट ७ (२०१४) आणि डेबियन ९ (२०१७) यांनी ही पद्धत स्वीकारल्यावर ती सर्वत्र रूढ झाली.

नवी नावेही बदलतात : या पद्धतीला ‘प्रेडिक्टेबल’, म्हणजे आधी सांगता येण्याजोगी, म्हणतात आणि त्यामुळे नाव कायमचे ठरले असा समज होतो. तो चुकीचा आहे. पीसीआय बसचे क्रमांक बूटच्या वेळी मोजून दिले जातात. म्हणून ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली, तरी पुढच्या बसचा क्रमांक एकाने सरकून ‘ईएनपी३एस०’चे ‘ईएनपी४एस०’ होऊ शकते. बायोसमधली एखादी सोय बंद केल्यानेही तेच घडते. फर्मवेअरने दिलेला क्रमांक विश्वासार्ह असेलच असे नाही. व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांवर रेड हॅट ७ मध्ये ‘ईएनओ१६७७७७३६’ असे विचित्र नाव दिसे, ते यामुळेच. आभासी यंत्राचा चिपसेट प्रकार आय४४०एफएक्सवरून क्यू३५ केला की ‘ईएनएस१८’ नाहीसे होऊन ‘ईएनपी६एस१८’ येऊ शकते. सर्वांत फसवा बदल ड्रायव्हरमुळे होतो. ड्रायव्हर पोर्टचे भौतिक नाव कर्नलला कळवू लागला की जुन्या नावामागे ‘एनपी०’ हे शेपूट जोडले जाते. कर्नल अद्ययावत केला, रीबूट केला आणि कॉन्फिगरेशनमधल्या नावाचा पोर्टच उरला नाही, अशा तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

एक पोर्ट, अनेक रूपे : काही कार्डांवर पोर्ट आणि पीसीआय फंक्शन यांचे एकास एक नाते नसते. मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-३ या कार्डाचे दोन्ही पोर्ट एकाच फंक्शनखाली येतात. त्यांना वेगळे करण्यासाठी कर्नलमधला ‘डेव्ह_पोर्ट’ हा गुणधर्म पाहावा लागतो आणि सिस्टमडी दुसऱ्या पोर्टच्या नावामागे ‘डी१’ लावतो. उलट एनपार या विभागणीत एकच भौतिक पोर्ट चार वेगळ्या कार्डांसारखा दिसतो. अनेक पोर्ट एकत्र जोडणाऱ्या बाँडिंगमध्ये सगळे पोर्ट सहसा बाँडचा एकच मॅक अॅड्रेस धारण करतात, त्यामुळे ‘आयपी लिंक’च्या सर्वांत ठळक ओळीत त्यांच्यातला फरक दिसत नाही. खरा मॅक अॅड्रेस ‘/प्रोक/नेट/बाँडिंग’मधल्या फाइलमध्ये वाचावा लागतो. आयड्रॅक किंवा आयलोसारखा व्यवस्थापन नियंत्रक मुख्य पोर्ट वाटून घेत असेल तर स्विचला एकाच केबलवर दोन मॅक अॅड्रेस दिसतात, आणि त्यांपैकी भलताच घेऊन शोध सुरू झाला की सगळेच निष्कर्ष चुकतात.

निदान : सर्वांत आधी नेटवर्कवर अवलंबून नसलेली वाट हाती हवी. यंत्रासमोरचा कीबोर्ड-मॉनिटर किंवा व्यवस्थापन नियंत्रकाच्या स्वतंत्र पोर्टवरचा कन्सोल चालतो. एसएसएचवरून पोर्टची नावे बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे होय. त्यानंतर प्रत्येक नावाचा पीसीआय पत्ता आणि कायमचा मॅक अॅड्रेस लिहून काढावा. इथटूल या कमांडच्या ‘आय’ या पर्यायाने ड्रायव्हर व पीसीआय पत्ता मिळतो, तर कॅपिटल ‘पी’ने कार्डात कोरलेला मॅक अॅड्रेस मिळतो. तो सॉफ्टवेअरने बदललेल्या मॅक अॅड्रेसवर अवलंबून नसतो. कार्डावर चिकटवलेल्या पट्टीवर बहुधा पहिल्या पोर्टचाच मॅक अॅड्रेस छापलेला असतो आणि बाकीचे पुढच्या क्रमाने येतात. मात्र ही प्रथा आहे, हमी नव्हे.

यंत्र समोर असेल तर सर्वांत निर्विवाद पुरावा दिव्याचा असतो. इथटूलच्या लहान ‘पी’ने सांगितलेल्या सेकंदांपर्यंत त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो आणि केबल जोडलेली नसली तरी हे चालते. एनपारच्या चारही रूपांसाठी एकच दिवा लुकलुकताना दिसला की ते एकाच पोर्टचे भाग आहेत हेही कळते. ज्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नाही तिथे केबल काढून कोणत्या नावापुढे ‘नो-कॅरियर’ येते ते पाहावे. चालू सेवेच्या यंत्रावर मात्र हा प्रयोग वेळ ठरवूनच करावा.

यंत्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर स्विचची मदत घ्यावी लागते. स्विचच्या मॅक टेबलात पोर्टचा वापरातला मॅक अॅड्रेस शोधला की केबल कुठे पोहोचते ते कळते, पण त्यासाठी त्या पोर्टवरून निदान एक फ्रेम गेलेली असावी लागते. शेजारचे उपकरण ओळखण्याच्या एलएलडीपी या प्रोटोकॉलमध्ये हे उलट्या दिशेने होते. स्विच स्वतःचे नाव आणि पोर्ट क्रमांक ठरावीक काळाने, बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी, पाठवत असतो. तो संदेश सर्व्हरवर ऐकला की प्रत्येक नावामागची केबल न हलवता उलगडते. इंटेलच्या एक्स७१० मालिकेच्या कार्डांवर इथे हमखास फसगत होते. त्यांचे फर्मवेअर एलएलडीपीच्या फ्रेम स्वतःच गिळते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला काहीच ऐकू येत नाही. इथटूलच्या खासगी पर्यायांमधून हा अंतर्गत एजंट बंद केल्यावरच शेजारी दिसू लागतो.

इतर प्रणाली : विंडोज सर्व्हरमध्ये ‘इथरनेट’, ‘इथरनेट २’ ही नावेही सापडण्याच्या क्रमाने पडतात. २०१२ च्या आवृत्तीपासून फर्मवेअर साथ देत असेल तर पेटीवरच्या क्रमाशी जुळणारी नावे मिळतात. तिथला नेहमीचा दोष म्हणजे काढून टाकलेल्या कार्डाची नोंद रजिस्ट्रीत शिल्लक राहणे. नव्या कार्डाला तोच आयपी देताना तो आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला असल्याचा इशारा येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून जुनी नोंद काढली की प्रश्न मिटतो. व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ‘व्हीएमनिक०’ अशी नावे साठवून ठेवते, त्यामुळे मदरबोर्ड बदलल्यावर जुने आकडे राखीव राहून नवे आकडे पुढून सुरू होऊ शकतात.

उपाय : कायमचा उपाय म्हणजे नाव आपण स्वतः ठरवणे. सिस्टमडीच्या ‘.लिंक’ फाइलमध्ये कोणत्या खुणेला कोणते नाव द्यायचे ते लिहिता येते, आणि उबंटूच्या नेटप्लॅनमध्येही तशी सोय आहे. खूण निवडताना पुढे काय बदलण्याची शक्यता जास्त आहे याचा विचार हवा. कायमच्या मॅक अॅड्रेसशी बांधलेले नाव कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवले तरी टिकते, पण कार्ड बिघडून बदलले की तुटते. पीसीआय मार्गाशी बांधलेले नाव कार्ड बदलले तरी टिकते, पण बसचे क्रमांक सरकले की तुटते. मोजक्या सर्व्हरसाठी मॅक अॅड्रेस अधिक भरवशाचा असतो, तर एकाच नमुन्याच्या शेकडो यंत्रांसाठी मार्ग सोयीचा पडतो. खूण म्हणून साधा मॅक अॅड्रेस न वापरता ‘पर्मनंट’ प्रकारचाच घ्यावा. नाहीतर त्याच मॅक अॅड्रेसची व्हीलॅन उपशाखाही त्या नियमात सापडते.

नाव १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि ते ‘इथ’ने सुरू होऊ नये, कारण कर्नलशी होणारी जुनी शर्यत पुन्हा सुरू होते. ‘लॅन०’, ‘वॅन०’, ‘स्टोअर०’ अशी कामावरून दिलेली नावे वाचायलाही सोपी असतात. फाइल लिहून झाल्यावर बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी इनिट्रॅमएफएस प्रतिमा पुन्हा बांधावी लागते, कारण पोर्टची नावे बहुधा तिथेच बदलतात. ही पायरी राहून गेल्यामुळे बरोबर लिहिलेला नियमही बूटच्या वेळी लागू होत नाही. कर्नलला ‘नेट.इफनेम्स=०’ हा पर्याय देऊन जुनी ‘इथ०’ पद्धत परत आणणे एकाच पोर्टच्या आभासी यंत्रावर बिनधोक आहे. अनेक पोर्टांच्या सर्व्हरवर मात्र तो वापरू नये.