सत्तर पौंडांचा विनोद : प्रेक्षक कोण?

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भिंगार छावणीलगत माझे बालपण गेले. रणगाडे, बिगुल, चुन्याने रंगवलेले दगड हे सारे नित्याचे होते. आपल्या या गावात १६ एप्रिल १९१८ रोजी स्पाइक मिलिगन नावाचा मुलगा जन्मला आणि पुढे त्याने इंग्लंडच्या विनोदाची भाषाच बदलून टाकली, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. त्याचे वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील फौजेत होते. मुलाचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. त्यानंतर तो इंग्लंडला पोहोचला. तोवर त्याने पाहिलेले इंग्लंड म्हणजे छावणीतले इंग्लंड.

त्याचा शोध घेताना मी एका अकरा मिनिटांच्या चित्रपटापाशी थबकलो. ‘द रनिंग जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म’. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, निर्माता पीटर सेलर्स, प्रमुख साथीदार मिलिगन. दोन रविवारी, उत्तर लंडनच्या कडेच्या एका शेतात, सेलर्सच्या स्वतःच्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्यावर चित्रण झाले. एकूण खर्च सत्तर पौंड, त्यातले पाच पौंड शेताच्या भाड्याचे. १९५९ सालच्या या चित्रपटाला लघुपट विभागात ऑस्करचे नामांकन मिळाले. तिथपर्यंतची हकिगत अनेकांनी सांगितली आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. हा चित्रपट कोणासाठी काढला? आजच्या धंद्याच्या भाषेत त्याचा ‘टार्गेट ऑडियन्स’ कोण?

निर्मात्यांनी ‘कोणासाठीच नाही, आमच्या मौजेसाठी’ असे म्हटले, तरी संशोधकाने तेवढ्यावर थांबू नये. खाजगी मौजेतही समोर कोणीतरी कल्पिलेला असतोच. तो कोण, हे कलाकृतीच्या अंगाखांद्यावरच्या खुणांवरून ओळखावे लागते. अशा तीन खुणा मला दिसतात.

पहिली खूण पैशाची. ब्रिटनमधील चित्रपटगृहांत १९४६ साली सुमारे १६४ कोटी तिकिटे विकली गेली होती. १९६० पर्यंत हा आकडा पन्नास कोटींवर आला. दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसवला होता. उरलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळण्यासाठी मोठ्या निर्मितीसंस्था बेताचा, ओळखीचा, कुटुंबासह पाहण्याजोगा विनोद देत होत्या. सत्तर पौंडांच्या चित्रपटावर असे कोणतेच दडपण नव्हते. तो बुडाला असता तरी कोणाचे दिवाळे निघाले नसते. ज्याला पैसे वसूल करायचे नसतात, त्याला सर्वांना खूश करावे लागत नाही. म्हणजे हा चित्रपट ‘सर्वांसाठी’ नव्हता, एवढे तरी नक्की.

दुसरी खूण आवाजाची. सेलर्स आणि मिलिगन हे त्या काळी प्रामुख्याने कानांचे कलावंत. बीबीसी रेडिओवरचा ‘द गून शो’ मे १९५१ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९६० मध्ये संपला. त्याचे बहुतेक लेखन मिलिगनचे. एकटा सेलर्स अनेक पात्रांचे आवाज काढी. १९५६ मध्ये लेस्टरने याच मंडळींना घेऊन ‘अ शो कॉल्ड फ्रेड’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. आवाजावर जगणाऱ्या अशा माणसांनी चित्रपट काढला, तोही संवादांविना! हे मला फार बोलके वाटते. अंधारात कान देऊन ऐकणाऱ्या श्रोत्याने आठ वर्षे मनात जी अशक्य चित्रे रंगवली होती, ती आता उजेडात, एका साध्या शेतात, समोर आली. या श्रोत्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. प्रेक्षक शोधायचा नव्हताच. रेडिओने तो आधीच घडवून ठेवला होता.

तिसरी खूण विनोदाच्या लक्ष्याची. पडद्यावर काय दिसते? कोणी गुडघे टेकून ब्रशने शेतातले गवत घासत आहे. एक जण दूर उभ्या केलेल्या स्वरलिपीकडे दुर्बिणीतून बघत व्हायोलिन वाजवतो. झाडाच्या खुंटावर तबकडी ठेवून एक माणूस तिच्याभोवती धावत ती वाजवतो. दूर उभ्या असलेल्या माणसाला कोणी खुणेने बोलावते, तो बिचारा अख्खे शेत धावत ओलांडून येतो आणि त्याच्या तोंडावर बॉक्सिंगचा ठोसा बसतो. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत जाऊन शिस्तीत मौज करण्याची इंग्रज मध्यमवर्गाची जी रीत, तिचीच ही टिंगल आहे. ती करणारे कोण? लेस्टर अमेरिकन, फिलाडेल्फियाचा. मिलिगन नगरचा, आयरिश बापाचा. १९६२ च्या स्थलांतर कायद्यानंतर त्याचे ब्रिटिश नागरिकत्वही धड राहिले नाही. अखेर त्याने आयरिश नागरिकत्व घेतले. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी घरातल्यांकडे पाहून केलेला हा विनोद आहे.

इथे मला एक अडचण सांगितली पाहिजे. ‘गून शो’ ऐकताना मी नेहमी मोकळेपणाने हसू शकलो नाही. त्यात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रे येत. मिलिगन आणि सेलर्स त्यांचे इंग्रजी वेडेवाकडे करून हशा मिळवत. सेलर्सने पुढे १९६० मध्ये ‘द मिलियनेरेस’मध्ये डॉक्टर कबीर आणि १९६८ मध्ये ‘द पार्टी’मध्ये बक्षी रंगवला, तोही त्याच हेलात. त्या विनोदाचा श्रोता मी नव्हतो. मी त्याचा विषय होतो. माझ्या गावात जन्मलेला माणूस माझ्याच बोलण्यावर हसवतो आहे, ही बोच मनात राहिली. अकरा मिनिटांच्या या चित्रपटात मात्र कोणी बोलतच नाही. भाषा गेली, तसा हेलही गेला.

मग तो आपल्याकडे पोहोचतो का, हे पाहायचे मी ठरवले. एका संध्याकाळी भिंगारला घरच्या भिंतीवर तो दाखवला. पंधरा-वीस शेजारी होते. प्रस्तावना मुद्दामच केली नाही. पहिली काही मिनिटे शांततेत गेली. गवत घासण्याचा प्रसंग आला तेव्हा शेजारचे निवृत्त सुभेदार मोठ्याने हसले. नंतर म्हणाले, “साहेब यायचे असले की आम्हीही हेच करायचो. दगडाला चुना, झाडाला गेरू. गवत धुवायचं तेवढं राहिलं होतं बघा.”

मला इतके दिवस न दिसलेली गोष्ट सुभेदारांना दिसली होती. मिलिगन तोफखान्यातून उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढला, १९४४ मध्ये जखमी झाला. सेलर्स हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात फिरला. आणि ब्रिटनमध्ये तर १९६० पर्यंत सक्तीची लष्करभरती चालू होती. धडधाकट तरुणाला अठराव्या वर्षी बोलावणे येई आणि दोन वर्षे निरर्थक हुकूम पाळत काढावी लागत. शेत घासणारा माणूस त्या पिढीला परका नव्हता. माझे अनुमान असे, की या चित्रपटाचा खरा प्रेक्षक हाच : रेडिओवर गून ऐकत वाढलेला आणि कधी ना कधी मूर्ख हुकुमापुढे टाचा जुळवलेला, किंवा ती पाळी आता येणार या धास्तीत असलेला.

पुढचा इतिहास या अनुमानाला बळ देतो. गून सुरू झाला तेव्हा लिव्हरपूलचा जॉन लेनन दहा वर्षांचा होता. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने त्याआधी सेलर्सच्या विनोदी तबकड्या काढल्या होत्या. बीटल्सच्या पहिल्या चित्रपटासाठी दिग्दर्शक ठरवायची वेळ आली, तेव्हा या लघुपटाचे चाहते असलेल्या त्या चौघांना लेस्टर पसंत पडला. १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये ते मोकळ्या मैदानात हुंदडतात, तेव्हा सत्तर पौंडांचे ते शेत पुन्हा डोळ्यांपुढे येते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉन्टी पायथन’ची मंडळीही लहानपणी गून ऐकत वाढलेली.

प्रेक्षक आधी ठरवून कलाकृती बेतणाऱ्यांना यातून काही शिकता येईल का, मला माहीत नाही. वय, उत्पन्न, शहर यांचे रकाने भरून हा प्रेक्षक सापडला नसता. आणि भिंगारचे सुभेदार तर कुठल्याच रकान्यात बसले नसते. जाताना त्यांनी विचारले, “हा माणूस इथलाच म्हणता?” मी म्हटले, “इथेच जन्मला.” ते म्हणाले, “तरीच.”