ब्लॉकसाइझ
आयबीएम मेनफ्रेमवरील डेटासेटमध्ये एका ब्लॉकात मावणाऱ्या मजकुराचे बाइटमधील माप. फाइल-हस्तांतरणाचा वेग त्यावर बराच अवलंबून असतो. ३३९० प्रकारच्या डिस्कवर प्रत्येक ब्लॉकमागे काही जागा वाया जाते. त्यामुळे ८० बाइटच्या सुट्या नोंदी एका ट्रॅकवर फक्त ७८ बसतात. २७,९२० बाइटचा ब्लॉक ठेवल्यास ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ नोंदी मावतात आणि वाचन-लेखनाच्या फेऱ्या घटतात. नव्या डेटासेटसाठी हे माप शून्य दिल्यास झेड/ओएस प्रणाली सहसा योग्य आकडा स्वतःच ठरवते. एफटीपीने फाइल पाठवण्यापूर्वी ‘साइट’ आज्ञेतून ब्लॉकसाइझ, प्राथमिक व दुय्यम जागा सांगता येते. प्राथमिक जागा अपुरी पडली, की डेटासेट तुकड्यातुकड्यांनी वाढतो. वाढीची मर्यादा संपल्यास हस्तांतरण अर्ध्यावरच थांबते.