कुऱ्हाडीचा पत्ता

भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावाहून शाळेची सहल नागपूरला गेली, की अजब बंगला पाहणे ओघानेच येते. अजब बंगला म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. मुले पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे रेंगाळतात. जुनी भांडी, हत्यारे मात्र भरभर मागे पडतात. आज आपण त्यांतल्याच एका साठ्यापाशी थांबू.

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारे धातूचे तुकडे दिसले. तिथे खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसते तांबेच सुमारे ३७५ किलो भरले! त्यात पसरट कुऱ्हाडी होत्या, लांब पहारींसारखी हत्यारे होती. चांदीचे काही पत्रे गोल, तर काही शिंगे असलेल्या बैलाच्या डोक्यासारखे होते. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे यातील काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आल्या, तर काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या.

ही हत्यारे कोणी घडवली? कधी? गंगा-यमुनेच्या दुआबात सापडलेल्या तांब्याच्या साठ्यांशी तुलना करून ती साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. पण हा अंदाज आहे. नेमके वय का सांगता येत नाही?

कारण साधे आहे. कार्बन-१४ पद्धतीने वय काढायचे, तर वस्तू एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थाची हवी. सजीव मेल्यावर त्यातील कार्बन-१४ घटत जातो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो. तांब्याला हे घड्याळ नाही. म्हणून त्याच थरातील कोळसा, हाडे किंवा धान्य यांवरून तांब्याचे वय ठरवावे लागते. गुंगेरियाला हत्यारे उचलली गेली. थरांची नोंद झाली नाही. वस्तू उरली, तिचा पत्ता हरवला.

आता नैकुंड पाहा. नागपूर जिल्ह्यातील या गावी १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी रीतसर उत्खनन केले. लोखंड गाळण्याची भट्टी आणि धातुमळ जागच्या जागी सापडले. चांदीच्या पत्र्यांपुढे हा धातुमळ म्हणजे कचराच! पण सुमारे २७०० वर्षांपूर्वी विदर्भात लोखंड कसे गाळत, हे त्या कचऱ्यानेच सांगितले.

पुढच्या सहलीत मुलांना प्रत्येक वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारायला सांगा: ही कुठे सापडली? हिच्यासोबत काय होते? वय कशावरून ठरवले? पाटीवर उत्तर नसेल, तर तेही वहीत लिहू द्या.

भिवापूरच्या मुलांना याचा उपयोग घरीही आहे. जवळच वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले. अशा मुलखात नांगराच्या फाळाला काही लागणे नवलाचे नाही. तसे झाले तर वस्तू उपसू नये, घासून चकचकीत करू नये. जागा लक्षात ठेवून शिक्षकांना सांगावे, शिक्षकांनी तहसील कार्यालयाला कळवावे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. गुंगेरियाच्या मुलांना हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांना आपण आहोत.