तुळशीची गळती आणि दोडक्याचं मडकं

चैत्र-वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती सगळ्यांनी पाहिलेली असते. तिवईवर किंवा साखळीला तांब्याचं भांडं, तळाला बारीक छिद्र, छिद्रात दर्भाची काडी नाहीतर कापसाची वात, आणि अखंड थेंब. धाराशिव जिल्ह्यात त्याच दिवसांत परसात आणखी एक भांडं असतं, पण ते जमिनीत असल्यामुळे नजरेत भरत नाही. दोडक्याच्या नाहीतर दुधीच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, तोंडावर झाकायला खापर. तेरला एका परसात असं एक मडकं उकरून, धुऊन उपडं ठेवलेलं दिसलं. त्याच्या तळाशी, बरोबर मध्यावर, भोक होतं आणि भोकात सुती चिंधीची वात. त्या भोकानं मला या कुळकथेच्या मागे लावलं. माझं म्हणणं असं, की आळ्यातलं हे मडकं पिंडीवरच्या गळतीचंच धाकटं भावंड आहे, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे अंगणातली तुळस.

आधी हे मडकं परसात कशाला लागतं ते सांगायला हवं. भाजीपाला लावायचा तर पाऊस पडू द्या, असा सल्ला कोणीही देईल. वेलभाज्यांचं गणित वेगळं आहे. अक्षय तृतीयेला आळी घालायची, शेणखत-माती भरून बी टोकायचं, म्हणजे मृगाच्या सरी येईपर्यंत वेल मांडवाला लागतो आणि पावसाळाभर दोडकी, घोसाळी, कारली घरची होतात. पावसात बी टोकलं तर तेच बी पाणी साचून कुजायची भीती. म्हणून सुरुवात उन्हाळ्यातच करायची. पण अक्षय तृतीया ते मृग हे पाच-सहा आठवडे बालाघाटच्या पठारावर सगळ्यांत कोरडे. 2016च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हाच हंगाम. न्हाणीचं पाणी न्हाणीमागच्या अळवाला, केळीला, कर्दळीला पुरतं. भिंतीपलीकडच्या वेलापर्यंत ते पोचत नाही. तिथं घागरभर पाणी आठवडाभर कसं पुरवायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे मडकं.

आता भोकाची गोष्ट. झिलई न केलेलं मातीचं मडकं भोक न पाडताही पाझरतं. कुंभार मातीत राख, लीद मिसळतो. भाजताना त्यातलं जळण्याजोगं ते जळून जातं आणि भांड्याच्या अंगात बारीक रंध्रं राहतात. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. असं भांडं जमिनीत पुरलं की भोवतीची कोरडी माती त्यातून पाणी ओढून घेते, आणि माती ओली झाली की ओढ आपोआप कमी होते. झाडाला हवं तेव्हा हवं तेवढं पाणी, राखणीला कोणी नको. इतकी सुंदर सोय भांड्यात मुळातच असताना कोणी त्याला भोक का पाडावं? भोक पाडलं की ती आपोआपची ओढ संपते. पाणी गळतं ते गळतंच, म्हणून मग वात घालून त्याला आवर घालावा लागतो. पुरलेल्या मडक्याची युक्ती ज्यानं मुळातून शोधली, त्याला भोक सुचणारच नाही. भोक त्यालाच सुचेल, ज्याच्या डोळ्यांसमोर आधीपासून भोकाचं भांडं आहे.

पुरलेल्या मडक्याचा इतिहास सांगणारे लोक चीनकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्याजवळ पुरावा बळकट आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंगझी नावाच्या शेतीतज्ज्ञानं तिथं ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ गेला, पण सहाव्या शतकातल्या जिया सिशे यानं त्यातले उतारे आपल्या ग्रंथात घेतल्यामुळे तो बराचसा वाचला. त्यात खरबुजासाठी खड्ड्याच्या मध्यावर मातीचं भांडं पुरायचं, भोवती चार बिया टोकायच्या, भांड्यावर कौल झाकायचं आणि भांडं सतत भरलेलं ठेवायचं, असं सांगितलं आहे. आपल्या आळ्याचं वर्णनच जणू. पण फान शेंगझीचं भांडं अखंड आहे. त्याला भोक नाही, वात नाही. दोन हजार वर्षांच्या वाटेवर कोणीतरी ती युक्ती इकडे आणली असेल असं मानलं, तरी भोक कुठून आलं हा प्रश्न राहतोच.

दुसरा दावा इराणचा. तिथं मडकं पुरून बाग भिजवण्याची रीत आहे आणि कूझा या भांड्याच्या नावानंच ती ओळखली जाते. मराठवाड्यावर बहामनी, आदिलशाही, निजामी अशा फारसी वळणाच्या सत्ता शतकानुशतकं होत्या. औरंगाबादेत मलिक अंबरनं खापरी नळांतून पाणी खेळवलं. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, पाणीमहाल उभा राहिला. मग बागेची ही विद्याही त्यांच्याबरोबर आली असं म्हणायला काय हरकत? माझी हरकत अशी, की सुलतानांच्या बागा वाहत्या पाण्याच्या बागा होत्या. पाट, कारंजी, हौद, मोट. थेंब मोजायची गरज त्यांना नव्हती. थेंब मोजतं ते ज्याच्या दारात आड नाही ते घर. शिवाय इराणचं मडकंही बिनभोकाचंच.

तिसरा दावा सगळ्यांत साधा, आणि मला सगळ्यांत अवघड वाटतो तो हाच. आपल्याकडचं विहिरी-बोअरचं पाणी जड. दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाची रंध्रं क्षारानं बुजतात, त्यावर पांढरी पुटं चढतात आणि पाणी गार होईनासं होतं. असा माठ फेकवत नाही. तो परसात जातो. पण जो गार करायला पाझरत नाही, तो वेलालाही पाझरणार नाही. मग घरातल्या बाईनं खिळा घेऊन तळाला भोक पाडलं, पाणी भळाभळा गेलं म्हणून चिंधी कोंबली. झालं! यात पिंड नाही, तुळस नाही, केवळ काटकसर आहे.

हे मी पटकन उडवून लावणार नाही. मराठवाड्यातल्या घरात काहीच वाया जात नाही, हे खरंच आहे. पण या दाव्यात एक अडचण आहे आणि ती संस्कारातली आहे. भोक पाडलेलं मडकं आपल्या मनात कुठं असतं? स्मशानात. चितेभोवती फेऱ्या मारताना मडक्याला छिद्र पाडतात, पाण्याची धार धरतात आणि शेवटी मडकं फोडतात. ज्या घरात फुटका कप समोर ठेवणं अशुभ, त्या घरातली बाई नुसत्या काटकसरीपायी सणाच्या मुहूर्तावर, अक्षय तृतीयेला, हातानं मडक्याला भोक पाडून दारात ठेवणार नाही. त्यातून त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला घट दान द्यायचा असतो, म्हणजे घट तर अखंडच हवा. तिला भोकाची मोकळीक देणारं दुसरं काहीतरी, शुभ आणि रोजच्या बघण्यातलं, आधीपासून असलं पाहिजे.

ते म्हणजे गळती. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली ‘धर्मसिंधु’ लिहिला. त्यात वैशाखातल्या पुण्यकर्मांत पाणपोई घालणं, छत्री-जोडे-पंखे दान देणं यांच्याबरोबर देवावर गलंतिका बांधणंही येतं. गलंतिका म्हणजे आपली गळती. उन्हानं तापलेल्या जिवांना गारवा द्यायचा, त्यात वाटसरू आला तसा देवही आला. आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात या शब्दाचा अर्थ पाहिला तेव्हा मी हरखून गेलो: तळाला छिद्र असलेलं लहान भांडं, ज्यातून लिंगावर किंवा तुळशीच्या झाडावर पाणी ठिबकतं. लिंग आणि तुळस, एकाच दमात. कोशकारानं परसबागेचा विचार केलेला नाही, पण माझ्या दृष्टीनं साखळीतली हरवलेली कडी त्यानं हातात ठेवली.

तुळस मधे आली की सगळं बदलतं, हे जरा सावकाश बघू. पिंडीवर पडलेला थेंब दगडावरून ओघळतो आणि पन्हळीतून निघून जातो. त्यातून भक्ती वाढेल, बागकामाचं शिक्षण मिळणार नाही. तुळशीवरचा थेंब वृंदावनातल्या मातीत जिरतो. तुळस देव आहे आणि झाडही आहे. तिला वैशाखात गळती लावली की ती जगते, आणि शेजारच्या अंगणातली, जिला सकाळी एकदाच तांब्याभर पाणी मिळतं, ती पिवळी पडते. ही तुलना रोज डोळ्यांसमोर असलेल्या बायकांना वेलाकडे वळायला किती वेळ लागणार? त्यातून तुळशीच्या बुंध्याशी निर्माल्य टाकायची सवय. वाळलेल्या झेंडूच्या फुलांतलं बी तिथल्या ओलीवर आपोआप रुजतं, आणि कोणी न लावता फुलझाडं उभी राहतात. घराची पहिली फुलबाग मला तरी तुळशीच्या पायाशीच दिसते, आणि पहिलं ठिबकही.

टांगलेलं भांडं जमिनीत कसं गेलं, याचा माझा तर्क असा: उघड्यावर टांगलेल्या भांड्यातलं पाणी उन्हानं उडतं, वाऱ्यानं थेंब हलतो, कावळे चोच घालतात. तुळशीसाठी माणूस ते सोसतो, दोडक्यासाठी नाही. मडकं खाली उतरवून मातीत बसवलं, वर खापर झाकलं, की तिन्ही तक्रारी मिटतात. भोक आणि वात मात्र सवयीनं तशीच राहिली.

थेंब मोजण्याची विद्या तर याहून फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेळ मोजायचं जे साधन सांगितलं आहे, तेही तळाला छिद्र असलेला कुंभच आहे. चार माष सोन्याची चार अंगुळं लांबीची नळी, आणि तिच्यातून आढकभर पाणी गळायला लागणारा वेळ म्हणजे एक नालिका, आपली चोवीस मिनिटांची घटका. पुढं गळणारा कुंभ मागं पडून पाण्यात बुडणारं घटिकापात्र आलं. पण किती बारीक छिद्रातून किती वेळात किती पाणी जातं, हे या देशात लोक मोजत होते. सकाळच्या पूजेला भरलेली गळती सांजेपर्यंत पुरेल अशी काडी बसवणारा गुरव, आणि मडकं चार दिवस पुरेल अशी चिंधी पिळून बसवणारी बाई, दोघंही त्याच हिशेबाचे वारस आहेत.

हे सगळं मला तेरला सुचावं यात नवल नाही. हे गाव म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे, इथलं कापड भडोचच्या बंदराला जात असे, आणि मातीच्या कामाचा वारसा सातवाहनांपासूनचा. गोरोबाकाकांचं गाव तर हे आहेच. थापटण्यानं डोकी वाजवून कच्चं-पक्कं ठरवण्याची त्यांची कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. परसातल्या मडक्यालाही ती परीक्षा लागते: कच्चं राहिलं तर ओल्या मातीत विरघळतं, फार पक्कं भाजलं तर पाझरत नाही. या दुसऱ्या भांड्याला भोक पाडावं लागतं, हेही मान्य करायला हवं. तो मुद्दा काटकसरवाल्यांच्या बाजूला जातो.

पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत. इस्राएलमध्ये सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवर 1965 साली ठिबकच्या नळ्या बनू लागल्या, जळगावनं ते तंत्र आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर आणलं. आता परसात मडक्याच्या जागी सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगलेली दिसते, नळीला चिमटा लावून थेंब कमी-जास्त करता येतो. जमिनीत उतरलेली गळती पुन्हा वर जाऊन टांगली गेली.

माझ्या आणि काटकसरवाल्यांच्या वादाचा निकाल लावायला एक साधी कसोटी आहे, आणि ती कोणालाही करता येईल. गळतीसाठी मुद्दाम घडवलेल्या मातीच्या भांड्याला कुंभार भोक पाडतो ते माती ओली असताना, काडीनं. अशा भोकाची कड भाजल्यावर गुळगुळीत, किंचित गोलसर राहते. भाजलेल्या जुन्या माठाला बाहेरून खिळ्यानं भोक पाडलं तर आतल्या बाजूचे कपचे उडतात, कड खडबडीत आणि आतून रुंद होते. परसातली जुनी मडकी, पांढरीच्या मातीत सापडणारी बुडाची खापरं, संग्रहालयांतली तळाला छिद्र असलेली भांडी या एका नजरेनं तपासावीत. गुळगुळीत कडेची भोकं जास्त निघाली, तर परसासाठी गळतीचंच मडकं घडवून घेत असत असं म्हणता येईल. कपचे उडालेली निघाली तर पहिलं मडकं जुना माठच होता हे मी मानेन. मात्र तळाच्या नेमक्या मध्यावर भोक पाडायचं आणि त्यात वात बसवायची हे त्या बाईनं तुळशीच्या गळतीवरूनच उचललं, हे म्हणणं मी तरीही सोडणार नाही.