चिकपेट : एका पेठेचा भूगोल आणि आपला इतिहास

कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे पेठ. बंगळूरची ही लहान पेठ आज रेशमी साड्यांच्या दुकानांसाठी ओळखली जाते. परंतु तिच्या गल्ल्यांतून फिरताना कानडी मुलखात मराठी घरात वाढलेल्या मुलाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच : आपण इथले की बाहेरचे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ही जमीन पाहावी लागते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हे शहर वसले आहे. येथे मोठी नदी नाही. पश्चिमेकडे उतरणारे पाणी वृषभावती व अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. पाणलोटाच्या अशा माथ्यावर वस्ती करायची, तर पाऊस अडवून तलावांतच साठवावा लागतो. १५३७ च्या सुमारास येलहंक्याच्या केंपेगौडांनी येथे मातीच्या तटाची पेठ वसवली, तेव्हा तिच्याबरोबर तलावही बांधले गेले. त्यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे आहे.

पेठेची आखणी सरळ होती. उत्तर-दक्षिण जाणारा दोड्डपेटे हा मोठा रस्ता आणि पूर्व-पश्चिम जाणारा चिक्कपेटे, असे दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदत. भोवतीच्या पेठांची नावे व्यवसायांवरून पडली : तांदळाची अक्किपेटे, कापसाची अरळेपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कुंभारांची कुंबारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे.

१६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने शहाजीराजांसह स्वारी करून बंगळूर घेतले. केंपेगौडांचे वंशज मागडीला गेले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचा गौरीमहाल चिकपेटमध्ये होता, अशी येथील परंपरा आहे. जिजाबाईंसह बालशिवाजीही काही काळ बंगळूरला राहिले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये शहाजीराजांच्या विद्वत्सभेचे वर्णन आहे आणि त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आहेत. म्हणजे त्या दरबारात एका भाषेचा मान दुसरीला उणेपणा देत नव्हता.

१६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढे व्यंकोजींनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याशी विक्रीची बोलणी चालू असतानाच, १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले. अखेर तीन लाख रुपयांना ते म्हैसूरकरांकडे गेले. सुमारे अर्ध्या शतकाचा मराठी अंमल असा संपला.

अंमल संपला, पण माणसे राहिली, आणि पुढील काळात नवी येतही राहिली. शिवणकाम आणि कापड रंगवण्याचे काम करणारी मराठी भाषक कुटुंबे या पेठांतच स्थिरावली. बाजारात कानडी आणि माजघरात मराठी, असा त्यांचा संसार चालला. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने टिपू सुलतानाच्या ताब्यातील ही पेठ लढून घेतली. पुढे तट गेले, तलाव बुजले, १८९८ मध्ये प्लेगने हाहाकार केला. तरीही बाजार पुन्हा भरला आणि भाषाही टिकली.

गौरीमहालाची एक भिंतही आज दाखवता येत नाही, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जहागीर मिळते तशी विकलीही जाते. हातातला कसब आणि तोंडातली भाषा मात्र रोजच्या श्रमाने आणि शिक्षणाने पुढच्या पिढीकडे जाते. तेव्हा त्या मुलाला सांगावे, की आपले येथील नाते तलवारीने सुरू झाले असेल, पण ते टिकले सुईने, रंगाने आणि शेजाराने. मराठी शाळेचा हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षे हेच काम फळ्यावर आणि पाटीवर चालू राहिल्याची नोंद होय.